मैदानाकडे पाठ

मंगल अनगोळला माहेरी पोचली तेव्हा सामना सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. खरं तर तो सामना संपूनच पंचवीस वर्षं झाली होती. पण गावच्या संघाचे जुने समर्थक महादेवअण्णा आणि जुना खेळाडू शामू एका खोलीत बसले की तो पहिल्या शिट्टीपासून नव्यानं सुरू व्हायचा, आणि मधूनच कोणी आत आलं की त्याला समोर बसवून पहिली दहा मिनिटं पुन्हा ऐकवली जायची.

"ये गं मंगल, बस," महादेवअण्णा म्हणाले. "आत्ता कुठं टॉस झालाय."

नवतारा स्पोर्टिंग, कंग्राळी, या त्यांच्या मूळ गावच्या फुटबॉल संघानं आपल्या उभ्या आयुष्यात एकदाच लीग जिंकली. त्याआधी आणि त्यानंतर त्यांचा नंबर खालून मोजायला सोपा पडायचा. तेव्हा त्या एका विजयाची पंचविशी साजरी करायची, स्मरणिका काढायची, त्यात समर्थकांच्या आठवणी घालायच्या, असं ठरलं होतं. आठवणी टिपून घ्यायचं काम मंगलचा भाऊ युवराज याच्या मुलीकडे, आरोहीकडे आलं होतं, कारण घरात शुद्ध लिहिणारी तीच एक. तिनं टीपॉयवर कुंद्याच्या, म्हणजे खव्याच्या मिठाईच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता.

सोफ्याच्या टोकाला मंगलचे वडील, आप्पा, बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मोतीबिंदू काढल्यापासून काळा चष्मा, मांडीवर ती जुनी हलगी. मंगलनं वाकून पायाला हात लावला तसा त्यांनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. "सन्मती?" त्यांनी जावयाची चौकशी केली.

"दुकान बंद करून संध्याकाळी येतायत, आप्पा."

युवराज दारात उभा होता. त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही. "आरोही, पंखा वाढीव जरा," तो म्हणाला, "लोक लांबनं आल्यात."

'लोक' म्हणजे मंगल. पंचवीस वर्षांत तो तिच्याशी थेट बोललेला नव्हता. पहिली सहा वर्षं तर तिचं नावच घरात निघत नव्हतं. पुढे आई आजारी पडली, मंगल दवाखान्यात येऊन बसली, आणि त्यातून येणं-जाणं सुरू झालं. पण युवराजनं आपलं ते 'लोक' सोडलं नाही. लोकांना चहा द्या. लोकांची बस कितीची? मंगललाही त्याची सवय झाली होती. माणसाला कशाचीही सवय होते.

ती आत स्वयंपाकघरात गेली. तिची आई शालूबाई चिवड्याला फोडणी देत होत्या. या बाईचं एक बरं होतं. निपाणीला, मंगलच्या सासरी फोन केला की ती लेकीच्या बाजूची असायची, आणि फोन ठेवला की लेकाच्या.

"कशाला आलीस आजच?" त्यांनी हळूच विचारलं. "त्या मॅचचं नाव काढलं की युवराजचं डोस्कं फिरतंय, ठाऊक न्हाय व्हय तुला?"

"आप्पांनी बोलावलंय. स्वतः फोन केलता."

"त्येंनी?" शालूबाईंचा झारा थांबला. "त्येंना परवा काय जेवलं ते आठवंना, आन फोन करत्यात?" मग जरा वेळानं त्या म्हणाल्या, "हे बघ, काय काढू नकोस आता. सगळं बसल्यालं हाय, बसू दे."

मंगलला काही काढायचं नव्हतं. तिला फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती. त्या दिवशी आप्पांनी तिला पाहिलं होतं का? एवढंच. पंचवीस वर्षं तिनं विचारलं नव्हतं, आधी हिंमत नव्हती म्हणून आणि नंतर सगळं बसलं होतं म्हणून. पण मागच्या महिन्यात आप्पांनी तिला मोठ्या आत्तीच्या नावानं हाक मारली होती, आणि तेव्हापासून तिला धास्ती लागली होती. ही एक गोष्टही आता केव्हाही पुसली जाईल, मग विचारणार कोणाला?

बाहेर महादेवअण्णा मुख्य मुद्द्यावर आले होते.

"आता हे नीट लिव्ह आरोही. आमची लीग आम्ही पायानं न्हाय जिंकली. तुझ्या आज्ज्याच्या पाठीनं जिंकली."

"पाठीनं म्हणजे?"

"सांगतो की. हलगी तापवावी लागती बघ. गारठ्यानं चामडं सैल झालं की आवाज बसतो. तिसऱ्या मॅचला तुझा आज्जा मैदानाकडं पाठ करून, गवताचा जाळ करून हलगी शेकत हुता. तेवढ्यात आपला गोल! ह्यो वळला बघायला, लगेच समोरच्यांचा गोल. म्हटलं योगायोग. पुन्हा शेकाय लागला, पुन्हा आपला गोल. मग मी काय केलं? खांद्याला धरून फिरवला त्येला रस्त्याकडं. म्हटलं, जोतिबाअण्णा, आता ह्या वर्षात मैदान बघायचं न्हाय. तुमी वाजवा, आम्ही बघतो."

"आणि आज्जा ऐकला?"

"अकरा मॅच!" शामू म्हणाला. शामू म्हणजे तोच, ज्यानं शेवटचा गोल मारला. तेव्हा बचावाला खेळायचा, आता पिठाची गिरणी चालवतो. "एकसुद्धा गोल बघितला न्हाय जोतिबाअण्णांनी. माझा तर न्हायच न्हाय. आम्ही ढाल घेऊन आलो आन हे विचारत्यात, कुणी मारला रं?"

सगळे हसले. आप्पाही हसले. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली मंगल मात्र हसली नाही, कारण याच गोष्टीनं तिचा घात व्हायचा राहिला होता.

तिनं तो दिवस फार विचार करून निवडला होता. ती टायपिंगच्या क्लासला बेळगावच्या कॅम्पात जायची, तिथंच सन्मतीची ओळख झालेली. निपाणीच्या तंबाखूच्या वखारवाल्यांचा मुलगा, जैन. कंग्राळीच्या शेतकऱ्याच्या घरात हे कोणी ऐकून घेणार नव्हतं आणि वखारवाल्यांच्या घरात त्याहून नाही. शेवटच्या सामन्याच्या दिवशी अख्खं कंग्राळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कॅम्पातल्या मैदानावर जाणार. घरात पुरुष माणूस नाही. आणि मैदानासमोरच्या चर्चच्या भिंतीला उभं राहिलं तरी कोण बघणार? पाचशे माणसं, पाचशे पाठी. सगळ्यांचे डोळे चेंडूवर. याहून सुरक्षित जागा बेळगावात नाही, असं विसाव्या वर्षी तिला वाटलं होतं. मैदानावर बायका जायच्या नाहीत, आणि घरी येऊन 'आज मी रस्त्याकडं तोंड करून उभा होतो' असं काही आप्पा सांगत नसत. त्यामुळे तिला हे ठाऊकच नव्हतं.

साडेचारला सन्मती मोटारसायकल घेऊन येणार होता. ती वेळेवर पोचली. भिंतीशी, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी उभी राहिली आणि तिनं समोर पाहिलं. पाचशे पाठी होत्या, आणि त्यांत एक तोंड होतं. आप्पांचं. थेट तिच्याकडे वळलेलं, हलगी छातीशी, मधे फक्त रस्ता.

पळावं तर पळता येईना. तिनं ओढणी कपाळावर ओढली आणि तशीच उभी राहिली. हलगी वाजत होती. सन्मती आला पाच वाजून दहा मिनिटांनी. वाटेत हत्तरगीजवळ टायर पंक्चर झालं होतं. चाळीस मिनिटं ती आपल्या बापासमोर पळून जाण्याच्या पिशवीसकट उभी होती, आणि तो एक शब्द बोलला नाही, जागचा हलला नाही. त्याच जूनमध्ये आप्पांना चष्मा लागला, लांबचं अजिबात दिसत नव्हतं म्हणे. हे पुढे आईकडून कळलं तेव्हा मंगलनं मनाची समजूत घातली. दिसलंच नसेल त्यांना. त्या समजुतीत सुटका होती आणि का कोण जाणे, दुःखही होतं.

"आता शेवटची दहा मिनिटं," महादेवअण्णांनी आवाज चढवला. "शून्य-शून्य. बरोबरी झाली तर लीग कॅम्पवाल्यांची. आणि तवा तुझ्या आज्ज्यानं जी हलगी धरली, आरोही, जी धरली! पोरं येड्यागत पळाय लागली. मैदानावरनं कुणाची नजर हालंना."

"माझ्या तर कानात दुसरं कायच न्हवतं," शामू म्हणाला. "पाय आपोआप पळाय लागलं. मी बचावाचा गडी, मला पुढं जायची परवानगीच न्हवती! आन मग काय झालं, एकदम हलगी बंद."

"बंद?" आरोहीनं विचारलं.

"बंद. सगळ्या मैदानात चिडीचूप. त्येंचा गोलकीपर बी दचकला, मान वळवून बघाय लागला काय झालं म्हणून. आन मी मारला. आयुष्यातला एकच गोल."

"पण हलगी बंद का पडली?"

"चामडं सैल झालतं," महादेवअण्णांनी सवयीनं उत्तर दिलं. पंचवीस वर्षं हेच उत्तर होतं.

आरोही थांबली. तिनं कपाळाला आठी घातली, अगदी युवराजसारखी. "पण अण्णा, सामना मार्चमधला ना? चामडं गारठ्यानं सैल पडतं म्हणालात. मार्चच्या उन्हात पाच वाजता कसं पडेल?"

महादेवअण्णांनी शामूकडे पाहिलं. शामूनं आप्पांकडे. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. लीग जिंकलेल्या माणसांना असले प्रश्न पडत नाहीत.

"बंद कर ते आरोही," युवराज दारातून म्हणाला. "झाल्या की आठवणी. मला ह्या मॅचचं काय ऐकायचं न्हाय."

"बाबा—" आरोही वडिलांकडे वळली.

"ऐकायचं न्हाय म्हणलं की! त्या ढालीपायी ह्या घराचं काय झालं ते कुणी लिवणार हाय काय तुझ्या स्मरणिकेत? आम्ही ट्रॉलीत नाचत गावात शिरलो. मी पुढं, झेंडा घेऊन. आन आई दारात उभी, हातात चिठ्ठी. सगळं गाव बघतंय." त्यानं आप्पांकडे हात केला. "हे घरी असतं त्या दिवशी, तर..."

"तर काय?" आप्पा म्हणाले.

ते इतक्या शांतपणे म्हणाले की युवराजचं वाक्य अर्धंच राहिलं. शालूबाई झारा हातात घेऊनच बाहेर आल्या.

"बस युवराज. मी मंगलला हेच ऐकायला बोलावलंय. तू बी ऐक. सारखं इसराय लागलोय मी. ह्ये इसरायच्या आत सांगायचं हाय." आप्पांनी काळा चष्मा काढून हलगीवर ठेवला. "त्या दिवशी पोरीनं हळदी रंगाचा पंजाबी ड्रेस घातलता. निळी रेक्झिनची पिशवी. पिशवीचा एक बंद तुटल्याला, सुतळीनं बांधल्याला. रसवाल्यानं दोनदा गिलास पुढं केला, तिनं घेतला न्हाय."

मंगलनं दाराची चौकट धरली. त्या सुतळीची गाठ तिनं न्हाणीघरात लपून मारली होती. तिची तिलाही आठवण राहिली नव्हती.

"तुमाला दिसत न्हवतं की तवा," शालूबाई कशाबशा म्हणाल्या.

"बाकी दिसत न्हवतं. पोरगी दिसती की."

शालूबाईंनी हातातला झारा टीपॉयवर ठेवला.

"आधी वाटलं क्लासवरनं आली आसंल," आप्पा पुढे म्हणाले. "मग पिशवी बघितली. तिचं तोंड बघितलं. कळलं. पाय उचलला मी. रस्ता ओलांडून जायाचं, दंडाला धरायचं, घरी न्यायचं. पर म्हटलं, मी हाललो तर ही सगळी वळणार. महादेव वरडणार, अण्णा कुठं चालला? पाचशे माणसं बघणार. आन तू," त्यांनी युवराजकडे बोट केलं, "तू माझ्यापासनं पंधरा पावलांवर. एकवीस वर्षांचा, हातात झेंड्याची काठी. तू वळला असतास तर त्या रस्त्यावर काय झालं असतं?"

युवराजला ते ठाऊक होतं.

"म्हणून वाजवत हुतो. जितक्या जोरात वाजवीन तितकी तुमची नजर मैदानाकडं. हात सोलून निघालं. लीगबिगचं काय डोस्क्यात न्हवतं माझ्या." मग ते जरा थांबले, आणि प्रामाणिक माणूस जसं स्वतःलाच दुरुस्त करतो तसं म्हणाले, "हुतं. थोडं हुतं. खोटं कशाला बोलू. मी जागचा हाललो असतो तर मॅच गेली असती, ह्ये बी डोस्क्यात हुतं."

शामू हसला आणि लगेच डोळे पुसायला लागला.

"चाळीस मिनिटं तो गडी आला न्हाय. मला राग आला त्येचा. म्हटलं, पोरीला बोलवून घेऊन सोता येत न्हाय म्हंजे काय! आता आला न्हाय तर मीच जाऊन पोरीला घेऊन येतो, कुणी बघितलं तर बघू दे. तेवढ्यात आला. गाडीवरनं उतरला. पयल्यांदा तिच्या हातातली पिशवी घेतली. मग गळ्यातला टावेल काढला आन सीटवर टाकला, ऊन लागून तापली आसंल म्हणून. मग तिला बसवलं." आप्पांनी मंगलकडे पाहिलं. "लोक पोरगा बघाय जात्यात, घर बघत्यात, जमीन बघत्यात. मला तेवढंच बघाय मिळालं. मला बरा वाटला."

"म्हणून थांबली हलगी?" आरोहीनं हळूच विचारलं.

"गाडी कोपऱ्यावरनं वळली. आता कुणासाठी वाजवायचं?"

मंगल पुढे आली आणि आप्पांच्या पायाशी जमिनीवर बसली. तिला मोठमोठ्यानं रडायचं होतं, आणि तिनं ते केलंही. पन्नाशीच्या दारातली, कॉलेजातली मुलगी असलेली बाई असूनही केलं. "मग सांगितलं का न्हाई, आप्पा? इतकी वर्षं?"

"कुणाला सांगू? तुझ्या आईला? तिनं मला घरात घेतलं नसतं. युवराजला? त्येला तुझा राग हुता, त्या रागाच्या जोरावरच तो उभा हुता. त्येला कळलं असतं, बाप बघत हुता, तर पोरगं कोलमडलं असतं. मी म्हटलं, माझा राग करू दे. मॅचचा करू दे. मॅचला काय हुतंय?"

महादेवअण्णांना इतका वेळ गप्प राहण्याची सवय नव्हती. "म्हंजे," ते डोकं खाजवत म्हणाले, "ती लीग मंगलनं जिंकून दिली म्हणायची. आणि आम्ही दर वर्षी शामूला हार घालतोय."

"घाला की तिला," शामू म्हणाला. "माझी काय ना न्हाय."

युवराज अजून दारातच होता. त्यानं टीपॉयवरचा मोबाइल पाहिला, हलगी पाहिली. मग तो आत आला आणि शामूच्या शेजारी टेकला. पंचवीस वर्षांत फुटबॉलच्या गप्पांना तो कधी बसला नव्हता. शालूबाई कोणाच्या बाजूला उभं राहावं ते न समजून मधोमध उभ्या राहिल्या.

आरोहीनं घसा खाकरला. "हे सगळं रेकॉर्ड झालंय. काढून टाकू?"

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "नीट लिव्ह. आन आता तिला विचार. ती बी हुती की मॅचला."

आरोहीनं कुंद्याचा डबा सरकवून मोबाइल मंगलसमोर ठेवला. "आत्ती, तुला काय आठवतंय?"

मंगलनं ओढणीनं तोंड पुसलं. आपल्याकडेही त्या सामन्याची एक आठवण आहे, हे तिला आजवर कधी सुचलंच नव्हतं. ती तिनं सन्मतीखेरीज कोणाला सांगितली नव्हती.

"मला गोल दिसला न्हाई," ती म्हणाली. "ऐकू आला. आम्ही चर्चचा कोपरा वळलो, हलगी थांबली आन जरा वेळानं पाठीमागनं एवढा मोठा आरडा झाला, एवढा मोठा, की मला वाटलं, झालं, सापडलो. सगळं गाव मागं लागलंय आपल्या. मी ह्यांना म्हटलं, पळवा गाडी. वंटमुरीचा घाट येईस्तोवर मी मागं वळून बघितलं न्हाई. रात्री रडले मी. एवढी माणसं एवढ्या रागानं वरडली माझ्यावर, म्हणून."

"रागानं न्हवं," युवराज म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो मात्र मंगलकडे पाहत होता, सरळ, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"रागानं न्हवं गं मंगल," तो म्हणाला. "आम्ही जिंकलतो. त्यात सगळ्यांत मोठ्यानं मी वरडलतो."